दुर्गम भागाचे गुण

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधभांडारात ओआरएसच्या खोक्यांवर एक फळी आहे. साठा नोंदवहीत तिची नोंद नाही. तिच्यावर पीजीच्या तयारीची पुस्तकं आहेत: जाडजूड, कोपरे दुमडलेली, पाठीचा पुठ्ठा चिकटपट्टीनं धरून ठेवलेली. इथून ज्यांना पीजीला सीट लागली, त्यांनी जाताना ती माझ्याकडे टाकली. क्वार्टर रिकामं करायचं, चार्ज द्यायचा, कार्यमुक्तीचा आदेश हातात पडेपर्यंत जिल्ह्याला खेपा घालायच्या, त्या गडबडीत हे ओझं कोण नेणार? "काका, पुढच्याला द्या," म्हणून निघून जातात. पुढचा येतो, दोन पानं चाळतो, "जुनी एडिशन आहे," म्हणतो आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये डोकं घालतो. पुस्तकं राहतात. उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून मी ती अधूनमधून झटकतो, आणि झटकता झटकता वाचतो.

त्यातले प्रश्न मला काय कळणार? मी वाचतो तो समास. एका पुस्तकात किडनीच्या धड्यात खूण म्हणून अर्धा फाडलेला केसपेपर आहे, त्यावर कुणाचा तरी तीन दिवसांचा ताप आणि थंडी. एका पानावर बीटाडीनचा तपकिरी अंगठा उमटलाय. आणि एका पानावर, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या प्रश्नाशेजारी, बारीक अक्षरात लिहिलंय: "काल हेच. वाचली." प्रश्नाचं उत्तर मात्र त्या मुलीनं चुकीचं रंगवलेलं आहे. लाल पेनानं स्वतःच फुली मारून तिनं पान उलटलंय.

मी औषधनिर्माण अधिकारी. हे पदाचं नाव. पाड्यांवर मला अजून कंपाउंडरच म्हणतात, आणि नवे डॉक्टर पहिल्या आठवड्यातच काका म्हणायला लागतात. सातपुड्यातला हा धडगाव तालुका. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला, २०२० साली जिल्ह्याच्या गावी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. तिथून इकडे येणारा घाट मात्र तोच आहे. पावसाळ्यात काही पाड्यांवरून पेशंट अजून बांबूच्या झोळीतून येतो, पुढेमागे दोघं, आणि मागून सलाईनची बाटली धरायला आशाताई. कागदावर डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र. कागदाला चढ-उतार नसतात.

इथे येणारं पोर कुठलंही असो, लातूरचं, साताऱ्याचं, सहा महिन्यांत पीजीचं बोलायला लागतं. त्यात गैर काही नाही. एमबीबीएसवर आता कोणी थांबत नाही. मुळात केंद्रातच त्याला रोज दिसतं, की आपल्याला कळतं इथपर्यंत, आणि पेशंटला लागतं ते त्याच्या पलीकडचं. रेफर लिहिताना डॉक्टरचा हात कसा जड होतो ते मी खिडकीतून पाहिलं आहे.

तर अभ्यास. नीट-पीजीला २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. शहरातली मुलं इंटर्नशिप संपली की वर्षभर ड्रॉप घेतात, अभ्यासिकेत खुर्ची भाड्यानं घेतात, डबा लावतात. त्यांची मेहनत खोटी नाही, डोळे जाईपर्यंत वाचतात. इथला वाचतो तो कसा, ते सांगतो.

रात्री साप चावलेला माणूस येतो. मला उठवतात, कारण फ्रीजची किल्ली माझ्याकडे. सर्पदंशाच्या लसीच्या बाटलीत पांढरी पावडर असते. त्यात पाणी घालून बाटली तळहातात हळूहळू फिरवायची. हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. एक नाही, दहा बाटल्या. पण त्याआधी डॉक्टर दोन मिली रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात, नळी स्टँडला उभी करतात आणि २० मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही. २० मिनिटांनी नळी तिरपी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस, फुरशासारख्या सापाचं विष अंगात भिनलंय असं धरायचं. ती २० मिनिटं फार लांब असतात. नातेवाईक ओसरीवर उकिडवे बसलेले, सिस्टर बीपी बघतेय. एक डॉक्टर होते, ते त्या वेळात एक डोळा पेशंटच्या पापण्यांवर आणि एक मोबाईलवर ठेवून दहा प्रश्न सोडवायचे. मला आधी ते विचित्र वाटायचं. मग सवय झाली. पहाटे पेशंटची लघवी स्वच्छ आली की ते म्हणायचे, "काका, माणूस पास. मी दहातले सहा."

सकाळी ओपीडी होतीच. दुपारी लसीकरणाचा अहवाल, मग कुठल्याशा विहिरीत सापडलेल्या देहाचं पोस्टमॉर्टेम, मग जिल्ह्याची व्हिडिओ कॉन्फरन्स.

आता किमान गुणांचं बोलू. शिपायापासून सभापतीपर्यंत सगळ्यांचा समज असा, की सेवेतल्या डॉक्टरला परीक्षेत सूट हवी. मला ते पटत नाही. दुर्गम भागाला थोडा कच्चा डॉक्टर चालेल, असा त्याचा अर्थ होतो. पाड्यावरच्या बाईच्या पोटाला शहरातल्या बाईपेक्षा कमी जाणणारा सर्जन का चालावा? सर्वोच्च न्यायालयानं २००३ साली मध्य प्रदेशाच्या खटल्यात हेच धरलं होतं. त्या राज्यानं सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा वेगळ्या ठेवल्या होत्या आणि त्यांची परीक्षाही वेगळी घेतली होती. न्यायालय म्हणालं, जागा वेगळ्या ठेवा, हरकत नाही. परीक्षा मात्र एकच, आणि ५० टक्क्यांची किमान अट सेवेतल्यांनाही तीच. पुढे २०१५ साली केरळची ज्येष्ठतेची पद्धतही गेली. नुसती नोकरीची वर्षं मोजून एमडीला बसवायचं नाही, आपसातल्या गुणवत्तेनंच निवडायचं. आमच्याकडे आलेल्या एका डॉक्टरबाईंचे यजमान वकील होते. हे निकाल त्यांनीच ओसरीवर बसून मला समजावले, आणि बदल्यात माझ्याकडून मोहाच्या फुलांचे लाडू खाल्ले.

पुढे ५० टक्क्यांच्या जागी ५० पर्सेंटाईल आलं. ऐकायला सारखंच, पण परीक्षेला बसलेल्यांतली निम्मी मुलं तुमच्या खाली असली की तुम्ही पात्र. २०२३ साली खुल्या वर्गाची ती रेघ ८०० पैकी २९१ गुणांवर पडली, राखीव प्रवर्गांची, म्हणजे ४० पर्सेंटाईलची, २५७ वर. आणि त्याच वर्षी, सप्टेंबरात, केंद्र सरकारनं ती रेघच पुसली. सगळ्यांसाठी शून्य पर्सेंटाईल. परीक्षेला बसला तो पात्र, वजा गुण पडले असले तरी. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीसारख्या विषयांच्या आणि महागड्या खाजगी महाविद्यालयांतल्या जागा ओस पडत होत्या, त्या भरायच्या होत्या. पुढच्या परीक्षेला पुन्हा ५० पासून सुरुवात, आणि फेऱ्या झाल्यावर रेघ पुन्हा खाली. सीट गुणानुक्रमानंच मिळते हे खरं; शून्यवाला काही मेडिसिन घेऊन जात नाही. पण सेवेतल्या डॉक्टरांची मागणी पुढे आली की 'गुणवत्तेचं काय' म्हणून जो गळा काढला जातो, तो त्या सप्टेंबरात फारसा ऐकू आला नाही, एवढं मी नोंदवून ठेवलंय.

मग सूट नको तर काय हवं? इथे दोन वाटा निघतात, आणि त्यातली एक मला मुळातच वाकडी वाटते.

पहिली वाट वाढीव गुणांची. वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या नियमावलीत ती नंतर घातली गेली. दुर्गम किंवा अवघड भागात केलेल्या सेवेच्या दर वर्षामागे, नीटमध्ये मिळालेल्या गुणांच्या १० टक्क्यांपर्यंत वाढ, जास्तीत जास्त ३० टक्के. ऐकायला न्याय्य आहे. आता हिशेब करा. दोन डॉक्टर, शेजारशेजारच्या केंद्रांत, दोघांची तीन-तीन वर्षं. एकाला ५०० गुण पडले, त्याला सेवेचे १५० मिळाले. दुसऱ्याला ३०० पडले, त्याला ९०. घाट तोच, पावसाळा तोच, पिसवाही त्याच. पण एकाच्या तीन वर्षांची किंमत १५० आणि दुसऱ्याची ९०. आणि दुसऱ्याचे मूळ गुण कमी का पडले? कदाचित त्याच्या केंद्रात बाळंतपणं जास्त होती म्हणून! मी काही गणिती नाही, पण स्टॉक जुळवण्यात उभा जन्म गेला. हा ताळा मला जुळलेला दिसत नाही.

दुसरी वाट वेगळ्या जागांची, इन-सर्व्हिस कोट्याची. सेवेतले डॉक्टर सेवेतल्यांशीच स्पर्धा करणार. रात्री साप बघून आलेल्याची गाठ रात्री साप बघून आलेल्याशी. ही सरळ वाट आहे. पूर्वी डिप्लोमाच्या निम्म्या जागा अशाच होत्या, दुर्गम भागात किमान तीन वर्षं काढलेल्या सरकारी डॉक्टरांसाठी. तालुक्यांच्या गावी ज्यांनी सिझेरियन केली, कावीळ झालेली बाळं सांभाळली, त्या डीजीओ आणि डीसीएचवाल्या डॉक्टरांची एक अख्खी पिढी त्या जागांतून आली. शहरात या डिप्लोमावाल्यांना जरा खालचं समजत. आमच्याकडे कोणी त्यांना डिग्री विचारली नाही.

मग त्या पिढीची वाट दोन बाजूंनी आखडली. ऑगस्ट २०१६ मध्ये उत्तर प्रदेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पदवीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या जागांमध्ये सेवेतल्यांचा कोटा नियमांत बसत नाही. तिथे फक्त वाढीव गुण, कोटा डिप्लोमापुरता. आणि २०१८ मध्ये परिषदेनं महाविद्यालयांना डिप्लोमाच्या जागा पदवीत बदलून घ्यायला मुभा दिली. महाविद्यालयांनी त्या भराभर बदलल्या, डिप्लोमाला विचारतो कोण. म्हणजे कोटा डिप्लोमात ठेवला आणि डिप्लोमाच उठवला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचे असतील. पण एकाच घरातले दोन भाऊ न बोलता कारभार करायला लागले, की बैलजोडीतला एक बैल हा विकतो आणि नांगर तो विकतो, तसं झालं.

त्या काळात आमच्याकडे एक डॉक्टर होते. तिसरं वर्ष संपत आलेलं, वाढीव गुण धरूनही त्यांना हवं ते मिळेना. त्यांनी राजीनामा दिला, शहरात जाऊन वर्षभर अभ्यास केला आणि खुल्यातून एमडी घेतली. पात्र माणूस पात्रच ठरला. फक्त आमच्याकडून गेला, आणि परत येण्याचं त्याला काही कारण उरलं नाही. केंद्राची खुर्ची बराच काळ रिकामी होती. ओपीडी कधी शेजारच्या केंद्रातला डॉक्टर येऊन करायचा, कधी आम्हीच जमेल ते.

३१ ऑगस्ट २०२० ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडूच्या डॉक्टरांच्या याचिकेवर २०१६ च्या उलट निकाल दिला. तामिळनाडूनं वर्षानुवर्षं राज्याच्या वाट्याच्या निम्म्या जागा सेवेतल्यांना दिल्या होत्या. घटनापीठ म्हणालं, परिषदेचं काम दर्जा राखण्याचं. सेवेतल्यांसाठी प्रवेशाचं वेगळं दार ठेवायचं की नाही हे राज्यांनी ठरवावं, तो अधिकार त्यांचा. किमान पात्रता मात्र सगळ्यांना लागू. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी वर्तमानपत्रांत आतल्या पानात गेली: या दारानं आत गेलेल्या डॉक्टरांनी शिक्षण संपल्यावर ग्रामीण, आदिवासी, डोंगरी भागात किमान पाच वर्षं सेवा द्यावी, तसा बाँड राज्यांनी लिहून घ्यावा.

महाराष्ट्रानं २६ सप्टेंबर २०२२ ला २० टक्क्यांच्या कोट्याचा आदेश काढला. प्रवेशाच्या तोंडावर निघाला म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कोटा टिकला.

त्या आठवड्यात माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. ती तेव्हा परीक्षा देऊन बसली होती, खुल्या वर्गात, सेवाबिवा काही नाही. "मामा, तुमच्या लोकांमुळे माझी मेडिसिन गेली." मी म्हटलं, "माझे लोक म्हणजे कोण?" म्हणाली, "माझ्याहून शंभर गुण कमी असलेला आत जाईल." मी तिला साप सांगितला, नळी सांगितली. ती गप्प ऐकत होती, आणि मग म्हणाली, "ठीक आहे. त्यानं तिथे भोगलं म्हणून त्याला बक्षीस. पण माझ्या जागेवर शिकून तो परत तिथे जातो का, हे कोण बघतं? तू बघितलंस?"

पोरगी डॉक्टर होण्याऐवजी वकील व्हायला हवी होती. तिच्या पहिल्या वाक्याशी माझं भांडण आहे. बक्षीस म्हणून सीट द्यायची तर बक्षिसाचे शंभर प्रकार आहेत, पगार वाढवा, मुलांना शाळा द्या, क्वार्टरचं गळकं छत बदला. माझ्या मते ती सीट डॉक्टरची नसतेच. ती या २०,००० लोकांची. आपला एकुलता एक डॉक्टर त्यांनी तीन वर्षांसाठी शिकायला पाठवला, तेवढा काळ बदलीवरच्या, उसनवारीच्या डॉक्टरवर काढला, त्या बोलीवर, की तो अधिक शिकून येईल. पण तिच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं. काही आले, काही नाही. आणि जे आले, त्यांचं आपण काय केलं, ते मी फोनवर तिला सांगितलं नाही.

परत येऊन काय घडू शकतं, त्याचा सगळ्यांना ठाऊक असलेला दाखला रायगडातला. हिम्मतराव बावस्कर ७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. लाल विंचू चावून माणसं डोळ्यांदेखत जात होती. ते पुण्याला एमडी करायला गेले आणि परत रायगडातच आले. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली, आणि कोकणातलं ते मरण आटोक्यात आलं. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. गोळी माझ्या भांडारातही आहे, स्वस्तातली आहे. तिच्यासाठी आधी केंद्रात बसलेला, मग शिकलेला आणि परत त्याच ओसरीवर आलेला माणूस लागला. यातला एक तुकडा जरी गळाला असता तरी ती गोळी रक्तदाबाचीच राहिली असती.

आणि आपण करतो काय? माझ्या माहितीतला एक सर्जन परत आला, तर त्याला तालुका आरोग्य अधिकारी केलं. दिवसभर सह्या, आढावा बैठका, गाड्यांची डिझेल बिलं. दोन वर्षांनी म्हणाला, "काका, आता मला हातात चाकू घ्यायची भीती वाटते." एका ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत पण भूल द्यायला कोणी नाही, म्हणून सिझेरियनची बाई घाटाखाली पाठवतात. दुसरीकडे भूलतज्ज्ञ आहेत, तर शस्त्रक्रियागृहाचं छत उतरवून ठेवलंय. कागदावर दोन्हीकडे 'तज्ज्ञ उपलब्ध'. ३० खाटांच्या रुग्णालयात एकटा तज्ज्ञ म्हणजे अर्धा तज्ज्ञ, हे कुठल्या पर्सेंटाईलमध्ये धरायचं? किमान गुणांवर २५ वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. किमान जोडी असावी, म्हणून कोणी कोर्टात गेल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

सध्या आमच्याकडे ज्या मॅडम आहेत, त्यांचा यंदा कोट्यातून नंबर लागेल असं दिसतंय. पसंतीक्रम भरायची मुदत होती, इंटरनेट फक्त माझ्या खोलीच्या खिडकीशी चालतं, म्हणून त्या लॅपटॉप घेऊन भांडारातच बसल्या. बातमी फुटली आणि सगळं केंद्र गोळा झालं. सिस्टर म्हणाल्या, गायनिक घ्या, दुसरं काही बोलूच नका. आशाताई दारातूनच म्हणाल्या, पोरांचं घ्या मॅडम, पोरं हातात जातात. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर हाडांचं म्हणत होता. या रस्त्यावर हाडांचा डॉक्टर उपाशी मरणार नाही, हे त्याचं म्हणणं अनुभवाचं होतं. शिपाई म्हणाला, "स्किन घ्या, रात्री झोप तरी मिळेल." सगळे हसले, मॅडम सगळ्यांत जास्त.

मी म्हटलं, "भूलशास्त्र घ्या."

"भूल?" त्या वळल्या. "काका, ग्रामीण रुग्णालयात भुलीचं मशीन आहे तरी का?"

"आहे. खोक्यात."

"खोकं कधीपासून?"

ते मी साठा नोंदवहीत पाहिलं नव्हतं, कारण ती नोंदवही त्यांच्या भांडाराची, आमच्या नाही. पण खोक्यावर कोणी तरी लसीच्या पेट्या रचून ठेवल्या आहेत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेच सांगितलं.

त्यांनी पहिल्या पसंतीला बालरोग टाकलं, आशाताईंनी टाळीच वाजवली. दुसरं स्त्रीरोग. तिसऱ्यावर बराच वेळ बाण फिरत राहिला, मग माझ्याकडे बघत भूलशास्त्र टाकलं.

"तिसरं लागलं तर मी यायच्या आत मशीन खोक्याबाहेर काढून ठेवायचं, काका."

"काढतो की," मी म्हटलं. "सिव्हिल सर्जन साहेबांची सही तेवढी लागेल."